शपथेवर लिहिलेली पानं

२०२४ च्या विधानसभेचे अर्ज भरायचे दिवस ऐन दिवाळीच्या तोंडावर आले होते. रस्त्यावर हलगी, गुलाल, गाड्यांचे ताफे. मी एका फेरफाराच्या कामासाठी तहसील कार्यालयात गेलो होतो. व्हरांड्यातल्या सूचना फलकावर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं लावलेली होती. एक वयस्कर शेतकरी चष्मा पुसून पुसून, ओळीवर बोट फिरवत त्यातलं एक पान वाचत होते.

“काका, काय शोधताय?” मी विचारलं.

“हा गट बघतोय. आमच्या बांधाला लागून आहे.”

जमिनीच्या रकान्यात गट क्रमांक होता, क्षेत्र होतं, खरेदीची तारीख होती आणि त्या वेळची किंमतही होती. काकांनी सगळं दोनदा वाचलं. मग म्हणाले, “साल बरोबर आहे. आकडाही तेव्हा गावात बोलला जात होता तेवढाच आहे. लपवलं नाही बघा त्यानं.”

एवढं बोलून ते गेले. त्या रात्री एका वाहिनीवर त्याच मतदारसंघावर चर्चा होती आणि चौघे जण त्याच उमेदवाराच्या प्रामाणिकपणावरून तावातावाने भांडत होते. एकाने त्याच्या देहबोलीचा दाखला दिला, दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वीच्या एका भाषणाचा तुकडा वाजवला. प्रतिज्ञापत्र त्यांच्यापैकी कुणीही उघडलेलं दिसलं नाही. जे काम काकांनी फलकासमोर पाच मिनिटांत केलं, ते त्या तासाभराच्या चर्चेत झालं नाही.

उमेदवार खरं बोलतो आहे की नाही, हे आपल्याला त्याच्याकडे बघून कळतं अशी आपली खात्री असते. नजर चुकवली, घाम आला, आवाज कापला की माणूस खोटा. मानसशास्त्राने हे वारंवार तपासलं आहे. २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी अभ्यासकांनी यावरच्या दोनशेहून जास्त संशोधनांचे निष्कर्ष एकत्र मांडले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात माणसं शंभरातल्या सरासरी ५४ वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतं. त्याच्या आदल्या वर्षी अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना अमेरिकी सिनेटच्या प्रतिस्पर्धी उमेदवारांचे फोटो क्षणभर दाखवले आणि दोघांपैकी कर्तबगार कोण वाटतो, एवढंच विचारलं. बघणाऱ्यांना हे चेहरे ओळखीचे नव्हते. तरी सुमारे ७० टक्के लढतींत त्यांनी ज्याला कर्तबगार म्हटलं, तोच निवडून आलेला होता. म्हणजे चेहऱ्यावरून आपण प्रामाणिकपणा ओळखू शकत नाही, पण चेहऱ्याचा आपल्या मतावर परिणाम मात्र होतो. कॅमेऱ्यासमोर सहज वावरणं हे शिकून येणारं कसब आहे. एखादा सरळ माणूस माइक पुढे आला की गडबडतो, आणि मुरलेला माणूस डोळ्याला डोळा भिडवून हवं ते सांगतो.

मग धरायचं काय? माझं उत्तर साधं आहे. उमेदवार शेकडो ठिकाणी बोलतो, पण शपथेवर आणि स्वतःच्या सहीने लिहून देतो ते त्याच्या प्रतिज्ञापत्रात. त्यात खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. भाषणातल्या थापेला अशी शिक्षा नाही. म्हणून चौकशीची सुरुवात या कागदापासून व्हावी. पेपर, वाहिन्या, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ हे सगळं त्याच्याशी ताडून बघायचं.

हा कागद आपल्याला सहज मिळालेला नाही. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था काढून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. उमेदवारावर गुन्हे कोणते आहेत हे मतदाराला कळलं पाहिजे, एवढी साधी मागणी. नोव्हेंबर २००० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २ मे २००२ रोजी त्या न्यायालयानेही सांगितलं की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. यानंतर जे झालं ते प्रत्येक मतदाराने लक्षात ठेवावं असं आहे. एरवी कशावरही एकमत न होणारे पक्ष या निकालाविरुद्ध एक झाले. त्याला वळसा घालणारा अध्यादेश निघाला. नुकतेच राष्ट्रपती झालेल्या ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तो स्पष्टीकरणासाठी परत पाठवला. मंत्रिमंडळाने आहे तसाच पुन्हा पाठवला, तेव्हा राज्यघटनेप्रमाणे त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचा कायदाही झाला. न्यायालय किंवा निवडणूक आयोग काहीही म्हणो, या कायद्यात आहे त्यापलीकडची माहिती द्यायला उमेदवार बांधील नाही, असं त्यात कलम होतं. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. आज फलकावर जे पान लागतं, ते या सगळ्यातून आलेलं आहे.

नंतर त्यात भर पडत गेली. रकाने कोरे सोडायची सोय २०१३ च्या निकालाने बंद झाली. काहीच नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. २०१८ च्या निकालाने उत्पन्नाचा स्रोत सांगणं आलं, स्वतःचा आणि जोडीदार व अवलंबितांचाही. २०१९ पासून गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न द्यावं लागतं. या प्रतिज्ञापत्राला ‘नमुना २६’ म्हणतात. आयोगाच्या संकेतस्थळावर कोणत्याही उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र बघता येतं, पैसे लागत नाहीत.

पण ते वाचायचं कसं? बातम्यांमध्ये एकच आकडा येतो: ‘अमक्याची संपत्ती पाच वर्षांत पाचपट’. हा आकडा खरा असतो, तरी बहुतेकदा काहीच सांगत नाही. समजा, एकाकडे वडिलोपार्जित दहा एकर आहे. पाच वर्षांपूर्वी एकरी आठ लाख भाव होता, मधल्या काळात शेजारून मोठा रस्ता गेला आणि भाव चाळीस लाखांवर पोहोचला. ऐंशी लाखांचे चार कोटी झाले. त्या माणसाने एक पैसाही कमावलेला नाही, तरी मथळ्यात तो गडगंज ठरतो. उलट दुसऱ्याची संपत्ती जेमतेम दीडपट झालेली असते, पण वाढ सगळी नव्या खरेदीची आणि विवरणपत्रातलं उत्पन्न वर्षाला चार लाख. चौकशी व्हायला हवी ती या दुसऱ्याची, आणि त्याची बातमी होत नाही.

म्हणून मी प्रतिज्ञापत्र मागून पुढे वाचतो. आधी देण्यांचा रकाना. बँकेचं कर्ज असेल तर ठीक. पण एखाद्या कंपनीकडून किंवा भागीदारी संस्थेकडून हातउसने मोठी रक्कम घेतलेली असेल, तर ती संस्था कुणाची आणि ती सरकारी कंत्राटं घेते का, हे शोधावं. उमेदवाराच्या स्वतःच्या सरकारी कंत्राटांची माहितीही याच कागदात मागितलेली असते. माणूस कुणाचा मिंधा आहे ते त्याच्या मालमत्तेपेक्षा त्याच्या देण्यांतून जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे.

मग जमीन आणि घरं. प्रत्येक मिळकतीसमोर ती वारशाने आली की विकत घेतली, विकत घेतली तर कधी आणि केवढ्याला, त्यावर नंतर किती खर्च केला आणि आजची अंदाजे किंमत किती, एवढं सगळं द्यावं लागतं. इथे महाराष्ट्रातल्या मतदाराच्या हातात चांगली हत्यारं आहेत. गट क्रमांक घ्यावा आणि महाभूलेखवर सातबारा बघावा. मालक कोण, बोजा कुणाचा, हे तिथे दिसतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनरचे दर आहेत, त्यांच्याशी उमेदवाराची ‘अंदाजे किंमत’ ताडता येते. दस्ताचा इंडेक्स टू मिळाला तर खरेदीचा आकडाही पडताळता येतो. यातलं काहीच जमलं नाही तर बांधाला बांध लागून असलेले शेजारी असतात, आणि त्यांची स्मरणशक्ती कोणत्याही वाहिनीच्या संशोधन विभागापेक्षा भरवशाची असते.

शेतीच्या उत्पन्नाकडे मात्र सावधपणे बघावं लागतं. त्यावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिथे कितीही मोठा आकडा लिहिता येतो. पाच एकर कोरडवाहू जमिनीवर वर्षाला चाळीस लाखांचं उत्पन्न दाखवलं असेल, तर तिथे पिकतं काय, हे विचारायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पंचक्रोशीतला कुणीही सांगेल. आणि या कागदाची एक उणीवही लक्षात ठेवावी. त्यात उमेदवार, जोडीदार, एकत्र कुटुंब आणि अवलंबित एवढेच येतात. वेगळा राहणारा भाऊ, लग्न झालेली मुलगी, सासरे, मेव्हणे यांच्या नावावरचं काही त्यात दिसणार नाही.

गुन्ह्यांच्या रकान्यात आपण सर्वांत जास्त फसतो. ‘बारा गुन्हे दाखल’ असं वाचलं की मन विटतं. पण आपल्याकडे रास्ता रोको केला, ऊसदरासाठी मोर्चा काढला, जमावबंदी मोडली की महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) पोलीस कायद्याच्या कलम ३७ आणि १३५ खाली किंवा जुन्या भारतीय दंड विधानाच्या १८८ खाली गुन्हा होत आला आहे. साहेबांना घेराव घातला की ३५३ लागायचं. चळवळीतून आलेल्या कार्यकर्त्याच्या नावावर असे डझनभर गुन्हे असतात आणि त्यांतले काही त्याच्या कामाचे दाखलेच असतात. दुसऱ्याच्या नावावर एकच गुन्हा असतो, पण तो पतसंस्थेतल्या ठेवी बुडवल्याचा. म्हणून आकडा बाजूला ठेवून कलमं वाचावीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यामुळे आकडेही बदलले आहेत: फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं, ३५३ चं १३२ झालं, १८८ चं २२३. प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे तेही बघावं. नुसती फिर्याद, आरोपपत्र, आरोपनिश्चिती आणि शिक्षा यांत फार अंतर आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते प्रचाराच्या काळात तीनदा वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर स्वतः जाहीर करावे लागतात. २०२० पासून पक्षालाही लेखी सांगावं लागतं की गुन्हे नसलेला दुसरा माणूस का निवडला नाही, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालत नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने अनेक पक्षांना दंड केला, त्यांतल्या दोघांना पाच-पाच लाखांचा. या जाहिराती बहुधा आतल्या पानावर, जाहीर नोटिसांच्या गर्दीत छापलेल्या असतात. त्या शोधून वाचाव्यात. उमेदवाराला स्वतःविरुद्ध बोलायला लावणारा तो एवढाच मजकूर असतो.

आता वर्तमानपत्रांकडे येऊ. पत्रकारितेमुळे खूप काही उजेडात येतं, पण तिच्यामुळे झाकलंही जातं, आणि याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्या मराठी मुलखातलंच आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते आणि नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून लढत होते. त्या काळात मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कारकिर्दीचं गुणगान करणारी पानंच्या पानं आली. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत काही मजकूर शब्दशः सारखा होता. बातम्या जुळू शकतात. पण वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसलेल्या लोकांची वाक्यं अक्षरशः जुळत नाहीत. चव्हाणांच्या निवडणूक हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. आपण या मजकुरासाठी पैसे दिलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांच्या विरोधात निष्कर्ष काढून नोटीस दिली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची ती कारवाई रद्द केली.

या प्रकरणात कोण दोषी हे ठरवणं माझं काम नाही, न्यायालयाने आपलं काम केलं. मला त्यातली पद्धत मोलाची वाटते. साईनाथांच्या हातात गुप्त टेप नव्हती. त्यांनी एकाच दिवसाचे पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि मग त्यांच्या शेजारी हिशेबाची वही ठेवली. हे आपल्यापैकी कुणालाही करता येतं. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि नियमाप्रमाणे एक रुपया शुल्क भरून कुणालाही तो बघता येतो. विधानसभेची खर्चमर्यादा आपल्याकडे २०२२ पासून ४० लाख आहे, लोकसभेची ९५ लाख. हिशेबात खुर्च्या, मंडप, चहा, वडापाव, गाड्या यांची नोंद असते आणि त्यांचे दर जिल्हा प्रशासनाने ठरवलेले असतात. उमेदवाराने स्वतःच्या फेसबुकवर टाकलेला ‘अलोट गर्दी’चा फोटो काढावा, त्यातल्या खुर्च्यांच्या रांगा मोजाव्यात आणि हिशेबातला त्या दिवसाचा आकडा बघावा. माणूस स्वतःच्याच दोन विधानांत सापडतो तो इथे.

कायद्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. अरुणाचल प्रदेशातल्या तेझूचे तेव्हाचे आमदार कारिखो क्री यांनी जोडीदाराच्या आणि मुलाच्या नावावर नोंद राहिलेल्या तीन जुन्या गाड्या दाखवल्या नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली होती. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत वैध ठरवली. गाड्या आधीच दुसऱ्यांना दिलेल्या होत्या, आणि घरातली प्रत्येक वस्तू सांगायला उमेदवार बांधील नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. महागड्या घड्याळांचा संग्रह दडवणं वेगळं आणि साधं मनगटी घड्याळ न लिहिणं वेगळं, असा दाखलाही निकालात आहे. मला हा विचार पटतो. विसरणं आणि दडवणं यांत फरक करता आला नाही, तर आपण प्रामाणिक माणसालाही घरी बसवू.

वेळेची अडचण मात्र मोठी आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात नव्वदच्या दशकातल्या दोन प्रकरणांचा उल्लेख नव्हता, अशी तक्रार झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चालवायला मुभा दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. नऊ वर्षं गेली. तेवढ्या काळात विरोधकांच्या भाषणांत ते दोषी होते आणि समर्थकांच्या भाषणांत छळ सोसणारे. मतदाराला इतकं थांबता येत नाही. न्यायालयाला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, आपल्याला भरवसा ठेवण्याजोगा माणूस शोधायचा असतो. दोन्हींची मोजमापं एक असायची गरज नाही.

आणि आरोप? मतदानाच्या आठवड्यात मोबाइलवर येऊन आदळणारे, कुणीतरी ‘पुढे पाठवा’ म्हटलेले? एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ सालीच प्रयोगांतून दिसलं आहे. म्हणून पाच गटांतून आलेला एकच संदेश पाच पुरावे धरू नये. मी तीन गोष्टी विचारतो. या आरोपामागे कागद कुठला? तो कुठे बघायला मिळेल? आणि हे आधीपासून माहीत असेल तर आजच का बाहेर आलं? प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान जाणूनबुजून छापणं हे कायद्याने निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण आहे आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. पण संदेश पाठवणारा अनामिक असेल तर पकडणार कुणाला?

मला सर्वांत जास्त कळतं ते उमेदवाराच्या उत्तरातून. आरोप झाला की एक जण म्हणतो, “माझी बदनामी चालली आहे, जनता उत्तर देईल.” दुसरा म्हणतो, “तो प्लॉट मी अमक्या साली अमक्याकडून घेतला, इतके पैसे बँकेतून दिले, दस्त इथे आहे.” दुसऱ्याचं म्हणणं तपासता येतं आणि खोटं निघालं तर तो उघडा पडतो. ही जोखीम जो स्वतःहून घेतो, त्याचं मी पुढचं ऐकतो. आपली चूक झाली असेल तर “हे राहून गेलं, दुरुस्त करतो” असं म्हणणारे फार थोडे भेटले. भेटले तेव्हा बरं वाटलं.

त्या दिवशी काका गेल्यावर मीही फलकापाशी थांबलो आणि बाकीच्या उमेदवारांची पानं वाचली. एकाच्या जमिनीच्या रकान्यात आमच्याच शिवारातला एक गट होता, ‘वडिलोपार्जित’ लिहिलेला. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. त्यांच्या नावावर त्या शिवारात कधी जमीन असल्याचं मला आठवेना. आईकडून, आजोळाकडून आली असेल, असं असू शकतं. फेरफाराच्या पावतीच्या मागे मी गट क्रमांक लिहून घेतला आणि तलाठ्याकडे गेलो.